स्वल्पच राहिलंय

मंडळी, इटलीहून परत आल्याचं अजून कुणालाच कळवलं नव्हतं, सॉरी. आज फोटोंचा रोल धुऊन मिळाला आणि तडक चामराजपेटला अक्कांकडे गेलो.

ग्रुपमधल्या नवीन लोकांसाठी सांगतो. अक्कांचे यजमान, आमचे अण्णा, माझे सायकलिंगचे जोडीदार. इटलीतल्या डोंगरगावांतून माउंटन बाइकवर फिरायचं हे खूळ त्यांचंच. उन्हाळ्यात ते गेले. मग मी एकटाच जाऊन आलो.

नंदी हिल्सच्या चढावर मला धाप लागली की अण्णा म्हणायचे, "स्वल्पच राहिलंय रे." म्हणजे थोडंसंच. वळण घेतलं की समोर अख्खा डोंगर.

अक्कांना सांगितलं, तिथेही एका गावाखालच्या चढावर मी दमून थांबलो, तर अंगणातल्या म्हातारीने दोन बोटं जवळ आणून दाखवलं, एवढुसंच राहिलंय. मी सवयीने मागे वळलो, अण्णांना म्हणायला, बघा, इथेही तुमच्यासारखेच खोटारडे.

अक्का हसल्या. मग फोटो मांडीवर ठेवून म्हणाल्या, "आस्पत्रेत हे मला पण तेच म्हणाले, स्वल्पच राहिलंय. मला वाटलं, आता घरी सोडतील. सरी, बरं, म्हटलं, आणि घरी येऊन त्यांची खोली झाडून ठेवली."

चढावर कायम खोटं बोलणारा माणूस तेवढं एकदाच खरं बोलला.

रविवारी नंदीला कोण येतंय? मला चढावर कुणीतरी खोटं सांगायला हवंय.