ताईचे पांढरे टॅग

माझ्या थोरल्या बहिणीला डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. अक्षरं पुसट होत चालली, तरी रंग अजून कळायचे, आणि त्यांच्याच आधारावर ती कांजूरमार्गच्या घरी बसून कंपनीचा कोड लिहायची. निळं दिसलं की फंक्शन, हिरवं म्हणजे नुसती कॉमेंट, वाचणाऱ्यासाठी लिहिलेली टीप. कोड ज्यात लिहितात तो एडिटर हे रंग देतो एका नियमांच्या फाईलवरून. पण तिच्या कंपनीने कोडमध्ये वापरायला स्वतःचे काही टॅग, म्हणजे खुणेचे शब्द, बनवले होते, ते त्या फाईलला ठाऊकच नव्हते. काळ्या स्क्रीनवर ते पांढरेच दिसायचे. ताई नेमकी तिथे चुकायची, आणि साहेबांचे मेलवर मेल यायला लागले होते.

"तेवढे टॅग रंगीत करून दे ना रे," ती म्हणाली. "नाहीतर नोकरीची वाट लागली समज."

आठवड्यात देतो म्हणालो. मला कोडिंग तिनेच शिकवलेलं, त्यामुळे तिच्यापुढे मिरवायची भारी खुमखुमी. आहे त्या नियमांना हात न लावता वर चार नियम जोडले असते, तरी भागलं असतं. पण दुसऱ्याच्या कामाला ठिगळ लावणं मला कमीपणाचं वाटलं. मी अख्खी फाईल नव्याने लिहायला घेतली. टॅग रंगले, तर कॉमेंट पांढऱ्या पडल्या. त्या सावरल्या, तर एका अवतरणचिन्हापासून खालचं पानभर सगळं तांबडं. दर रविवारी घाटकोपरहून जायचो, काय अडलंय ते ऐटीत समजावून सांगायचो, आणि ताई ऐकून घेऊन चहा ठेवायची. तिने एकदाही घाई केली नाही, याचा मला आजही राग येतो. तिचा नाही, माझा.

असे तीन महिने गेले. शेवटी हात टेकले, माझं सगळं पुसलं आणि जुन्याच फाईलला चार नियम जोडले. अर्धा तास लागला.

त्या रविवारी ते तिच्या लॅपटॉपवर बसवलं. टॅग ठळक केशरी उमटले, बाकीचे रंग जिथल्या तिथे. मी खुशीत होतो. ताई स्क्रीनला नाक लावून बराच वेळ बघत राहिली.

"झकास केलंस रे," ती म्हणाली, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मग हळूच विचारलं, "कुठला रंग दिलायस?"

केशरी, मी म्हणालो. तिने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला. ती सांगत गेली, मेल मी टाइप केला.