वच्छलाबाईंचा हेवा

मोताळ्याजवळच्या एका गावात वच्छलाबाई आशाताई म्हणून काम करत. गरोदर बायांना दवाखान्यात नेणं, लेकरांना डोस पाजायला बोलावणं, कोणाला रात्रीबेरात्री गाडी मिळवून देणं, सगळ्यात त्या पुढे. बोलणं तिखट, पण हाकेला कधी नाही म्हटलं नाही. फक्त दीपक आणि पुष्पांजलीच्या घरी जायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं.

त्या दोघांची लेक छकुली. तिच्या डोक्यात गाठ होती. शहरात नेऊन ऑपरेशन झालं, औषधं झाली, आणि शेवटी तिथल्या डॉक्टरांनीच सांगितलं, आता हिला घरी न्या, दुखू नये एवढं आपल्या हातात आहे. बुलढाण्याहून अश्वजित नावाचा नर्स अधूनमधून येई. दुखण्याचं औषध कसं द्यायचं, कुशीवर कसं वळवायचं, तोंड सुकलं की ओल्या कापसानं ओठ कसे पुसायचे, हे त्यानं आईबापांना शिकवलं. शेवटी शेवटी श्वास घरघर वाजेल, आपल्याला ऐकवणार नाही, पण औषध चालू असलं म्हणजे तिला त्याचा त्रास नसतो, हेही समजावलं. तो नसेल त्या दिवशी वच्छलाबाईंनी जायचं, असं ठरलं.

त्या जात तेव्हा पुष्पांजली ओसरीवर लेकीला मांडीवर घेऊन बसलेली असे. छकुलीच्या डोक्यावर नुकती मऊ लव उगवली होती, तिच्यावरून हात फिरवत असे.

"मम्मी, भजे तळ नं," छकुली बारीक आवाजात म्हणायची. "मी नाही खात. वास येऊ दे फक्त."

पुष्पांजली उठून भजी तळायची. तेवढा वेळ दीपक लेकीला मांडीवर घ्यायचा. वच्छलाबाई दारात उभ्या राहून पाहायच्या आणि आतल्या आत जळायच्या.

त्यांचा हर्षल चौथीत असताना गेला होता. साधा ताप म्हणून नेला, तो ताप मेंदूत गेला. मोठ्या दवाखान्यात त्याला नळ्या लावल्या. आईला बाहेरून, काचेतून दाखवायचे. एका संध्याकाळी आत बोलावलं, तेव्हा तोंडावर चादर ओढलेली होती. जाताना त्यानं आईला हाक मारली का, हे विचारायलाही तिथं कोणी थांबलं नव्हतं.

"तिचं लेकरू जाणार, माह्यं गेलं," त्या एकदा जेवताना नवऱ्याला, कडूबांना, म्हणाल्या. "पण तिले सगळं भेटून राह्यलं. हात भेटून राह्यला, बोलणं भेटून राह्यलं. मले काय भेटलं?"

कडूबांनी ताटावरून मान वर केली. "मरत्या लेकराच्या मायचा हेवा करते का कोणी?"

"मी करून राह्यली नं."

तो हेवा मग कुठूनही बाहेर पडे. उशी अशी नको, कापूस इतका ओला नको, हात धुतले का, असं त्या पुष्पांजलीला टोचत. पुष्पांजली सांगतील तसं करी. पण एकदा छकुलीनं वच्छलाबाईंचं बोट धरलं, तर पुष्पांजलीनं ते अलगद सोडवलं आणि आपलं बोट लेकीच्या मुठीत दिलं. वच्छलाबाईंना ते फार लागलं.

एके दुपारी दीपकचा फोन आला. वच्छलाबाई पोचल्या तर छकुलीचा श्वास घरघरत होता. दारात जीप उभी होती आणि दीपक चपला घालत होता.

"मावशी, बसा गाडीत. दवाखान्यात नेतो."

पुष्पांजलीनं लेकीला छातीशी धरलं होतं. "मावशी, तुमी सांगा. नेऊ का?"

न्या, असं वच्छलाबाईंच्या अगदी ओठांवर आलं. एकदा हिलाही काच पाहू दे. तेवढ्यात छकुलीनं आईच्या पदराला नाक घासलं. वच्छलाबाईंना ते सोसलं नाही, आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"मी नेलं होतं माह्याले! काचेतून पाह्यला मी त्याले. तुह्यी तुह्या मांडीवर हाय, तुह्या पदराचा वास घेऊन राह्यली. अजून काय पाह्यजे तुले? काऊन देतं तिले दुसऱ्याच्या हातात?"

त्यात माया नव्हती, नुसता जळफळाट होता. पुष्पांजलीचा चेहरा उतरला. दीपक दारातच थबकला. मग त्यानं चपला काढल्या आणि जीपवाल्याला हातानंच जायला सांगितलं.

वच्छलाबाईंनी अश्वजितला फोन लावला. त्यानं सांगितलं तेवढं औषध त्यांनी पुष्पांजलीच्या हातूनच द्यायला लावलं. मग स्वतः बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. आत दीपक लेकीला तिच्या शाळेच्या, मैत्रिणींच्या गोष्टी सांगत होता. ऊन उतरायला लागलं तेव्हा छकुली आईच्या मांडीवरच गेली. अश्वजित आला तेव्हा आईबाप लेकीचे पाय धरून बसले होते.

त्यानंतर पुष्पांजली त्यांच्याशी बोलेना. रस्त्यात दिसल्या की मान वळवी. वच्छलाबाईंनीही विचारलं नाही. आपलं बोलणं कशातून आलं होतं, ते त्यांना ठाऊक होतं.

सोयाबीन निघाल्यावर मोताळ्याच्या बाजारात दोघी समोरासमोर आल्या. वच्छलाबाई भाजीवालीशी हसत हसत भाव करत होत्या. पुष्पांजली जवळ येऊन उभी राहिली.

"मावशी, तुमी हसता."

"मंग काय करू?"

"मले तुमचा लय हेवा वाटते," पुष्पांजली म्हणाली. "तुमचं जुनं झालं. तुमी जेवता, हसता, भाव करता. मले घास जात नाही."

वच्छलाबाईंनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. "मीबी तुह्या घरी येऊन जळत होती, पुष्पा. त्या दिवशीचं सगळं त्याच्यातूनच आलं."

"मले समजलं होतं," पुष्पांजली म्हणाली. "म्हणून राग आला होता. पण दवाखान्यात नेलं असतं त मी मेली असती."

दोघी भाजीच्या पोत्यांमागे सावलीत बसल्या. पुष्पांजलीनं विचारलं, "हर्षलले काय आवडे हो खायाले?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. वच्छलाबाईंना एकदम आठवेना. मग आठवलं, आणि त्या सांगू लागल्या.