चव्वेचाळीस मिलिमीटरची डाकगाडी

सॅन्डपेपर मारताना जी भुकटी उडते ती तेव्हा दिसत नाही. घरी गेल्यावर बायको शर्ट झटकते तेव्हा कळतं, केवढी साठली होती. आमच्या रविवारच्या मंडळींचे किस्से असेच साठत गेलेत. मागे अकोल्याला गेलो होतो, तिथे एका मित्राला त्यातला एक सांगायला बसलो आणि दुपार गेली. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटचा मात्र मी त्याला सांगितला नाही.

आधी मंडळी कोण ते सांगतो. मी वानखेडे, रेल्वेत इंजिनिअर, लखनौला बदली होऊन आलो तो इथलाच झालो, आता विकास नगरात राहतो. दर रविवारी दहा वाजता स्कूटर काढून अलीगंजला जाधवकाकांकडे जातो. काका मूळ साताऱ्याचे, एअरफोर्समध्ये विमानांचे काटे-मीटर दुरुस्त करण्यात उमर गेली, रिटायर होऊन इथेच घर केलं. त्यांच्या काचा लावलेल्या व्हरांड्यात आम्ही चार माणसं बसतो आणि कार्टून फिल्ममधल्या गाड्यांची छोटी मॉडेल बनवतो. खरी गाडी चोवीस फूट असती तर आमची एक फूट, या हिशोबाने. दुकानातला तयार किट आणायचा नाही, साधं चाकसुद्धा विकत घ्यायचं नाही. प्लास्टिकची शीट, पुठ्ठा, रिकामी रिफिल, गोळ्यांची पाकिटं, यातून सगळं उभं करायचं.

अशी आमची उमर आणि असा आमचा उद्योग. माझी लेक सई म्हणते, "पापा, आप लोगों को कोई कुछ बोलता नहीं?"

•

शुक्लाजी रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. रंगकामात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. पहिल्यांदा त्यांनी एक बस आणली, टेबलावर ठेवली, आम्ही वाहवा केली. मी सहज उचलून फिरवली तर पलीकडे काहीच नाही. नुसता कोरा पुठ्ठा.

"शुक्लाजी, उजवी बाजू?"

"फिल्म में बस हमेशा बाएँ से दिखती है. दायाँ हिस्सा किसी ने देखा ही नहीं, वानखेड़े जी. जो देखा नहीं, वो अपने मन से कैसे बना दें?"

आजपर्यंत त्यांनी चौदा गाड्या केल्या. चौदाही डाव्या बाजूच्या. काकांच्या बायको, म्हणजे आमच्या उषाकाकू, फडकं मारायला आल्या की त्यातली एखादी मुद्दाम उलटी ठेवायच्या आणि म्हणायच्या, "शुक्लाजी, आपकी गाड़ी चोरी हो गयी."

•

नफीसभाई आमच्यात आले ते गोल चाकांमुळे. अमीनाबादेत त्यांचं दुकान आहे. चिकनच्या कापडावर भरतकामाआधी नक्षी छापतात ना, त्याचे लाकडी ठप्पे ते कोरतात. काकांना चाकांसाठी मुरलेलं शिसवी लाकूड हवं होतं, म्हणून एकदा तुकडे मागायला गेले.

"क्या बनाइएगा जनाब?"

"पहिये. आठ मिलीमीटर के. एकदम गोल चाहिए."

"किस चीज़ के?"

"एक कार्टून की गाड़ी है."

"चलेगी?"

"नहीं, अलमारी में रहेगी."

नफीसभाईंनी पटाशी खाली ठेवली. "जब चलनी ही नहीं है, तो गोल किस लिए?"

काका तुकडे घेऊन घरी आले. पुढच्या रविवारी चाकं गोल झाली का हे बघायला नफीसभाई स्वतः अलीगंजला आले आणि तेव्हापासून येताहेत.

•

काकांचा एक नियम आहे, तो विमानाच्या हँगरमधून आलेला. आपलं काम आपण तपासायचं नाही. गाडी पूर्ण झाली की करणाऱ्याने हात मागे घ्यायचे. दुसऱ्याने व्हर्नियर लावून एकेक माप मोठ्याने सांगायचं, करणाऱ्याने ते वहीत ड्रॉइंगच्या मापासमोर लिहायचं, आणि शेवटी तपासणाऱ्याची सही. सही झाली नाही तर गाडी कपाटात जात नाही.

एकदा काकांची आगगाडी, म्हणजे फायर ब्रिगेडची, मी तपासत होतो. आठ महिन्यांचं काम. शिडी अर्धा मिलिमीटर लांब भरली. मी म्हटलं, "काका, अर्धाच आहे. आणि शेवटी कार्टूनमधली गाडी. ती कुठे कोणी मोजलीय?"

काकांनी शिडी उपटली आणि डस्टबिनमध्ये टाकली. "तुमच्यासारख्यांनी विमान तपासलं असतं तर मी आज इथं नसतो."

मी त्या दिवशी काही न खाताच घरी आलो. मला खरंच लागलं होतं. संध्याकाळी काकूंचा फोन आला, "वानखेडे, आम्हाला लग्नात मिळालेली कपबशीसुद्धा त्यांनी मोजून घेतली होती. तुम्ही मनावर घेऊ नका."

•

काकूंनी कधी कुठल्या गाडीची फर्माईश केली नाही. केली ती एकदाच. एका फिल्ममध्ये तीन चाकांची हिरवी डाकगाडी आहे. म्हातारा टपालवाला ती चालवतो, आणि वारा आला की गाडी गावावरून उडते. काकूंना ती फार आवडली. म्हणाल्या, "एवढी माझ्यासाठी करा."

आता कार्टूनच्या गाडीची पंचाईत अशी की ती प्रत्येक सीनमध्ये वेगळी असते. पुढून दोन खिडक्या, मागून तीन. मग फिल्म थांबवायची, टीव्हीच्या पडद्याला पट्टी लावायची, टपालवाल्याच्या उंचीवरून हिशोब काढायचा. काका पट्टी धरत आणि काकू रिमोट. "मागं घे. अजून थोडी. हां, थांब." दोन वर्षं हे चाललं होतं. एकदा मी विचारलं, "काकू, शेवटी काय होतं हो या फिल्ममध्ये?"

"मला काय माहीत. शेवटाला गाडी दिसत नाही, म्हणून हे पुढं जाऊच देत नाहीत."

एका सीनमध्ये टपालवाला आपल्या बायकोला शेजारी बसवून नेतो. काकूंनी तिथे रिमोट दाबला तो सोडलाच नाही. "अहो, यात दोघं बसलेत. तुमच्या गाडीत सीट एकच."

"बाहेरून चव्वेचाळीस मिलिमीटर आहे. दोन सीटा बसतच नाहीत. चित्रकाराची चूक आहे ती."

"बसलेत की पण."

"चुकून बसलेत."

"मग दोन सीटा झाल्या की दाखवा," काकू म्हणाल्या, "तोवर मी काही बघायची नाही." आणि खरंच, त्या टेबलावर फडकं मारायच्या, पण डाकगाडीपाशी आल्या की तोंड फिरवायच्या. आम्ही सगळे हसायचो. काकाही हसायचे, पण रुंदी चव्वेचाळीसच.

•

मग काकू आजारी पडल्या. पोटाचं दुखणं निघालं, आणि निघालं तेव्हा उशीर झालेला होता.

काका हॉस्पिटलच्या कॉटशेजारी स्टुलावर बसून डाकगाडीचे दिवे घासायचे. मी भेटायला गेलो त्या दिवशी गाडी जवळजवळ तयार होती. काकांनी ती रुमालातून काढून पुढे धरली. काकूंनी डोळे मिटूनच विचारलं, "सीट किती?"

"एक."

"मग राहू द्या."

त्या हसल्या, पण डोळे उघडले नाहीत. काकांनी गाडी परत रुमालात गुंडाळली. माणूस किती हट्टी असावा, असं मला तेव्हा वाटलं. कोणाबद्दल वाटलं ते सांगता येत नाही.

घरी येऊन सईला सांगितलं. ती म्हणाली, "दो साल में पूरी पिक्चर नहीं देखी उन्होंने?" आणि तिने आपला टॅब आणून माझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी तो मी वॉर्डात नेऊन दिला. काकूंनी काकांना एकच अट घातली होती, की आज थांबवायचं नाही.

पुढच्या भेटीत मी काकांना विचारलं, "बघितली का पूर्ण?"

"बघितली. एकदाही थांबवली नाही."

"मग शेवटी गाडीचं काय होतं?"

काका टॅबची वायर गुंडाळू लागले. "गाडीकडं लक्ष नव्हतं हो माझं."

त्याच आठवड्यात काकू गेल्या.

•

तेरावा झाल्यानंतरचा पहिला रविवार. जावं की नाही, कोणालाच कळेना. शेवटी दहा वाजता आम्ही तिघेही अलीगंजच्या फाटकाशी एकमेकांना भेटलो.

दर रविवारी काकू पोहे करायच्या, लखनौच्या पद्धतीने मटार घालून. त्या दिवशी काकांनी केले होते. ताटल्या मांडल्या आणि स्वतः हात मागे घेऊन उभे राहिले. "आपलं काम आपण तपासायचं नाही. नफीसभाई, देखिए."

नफीसभाईंनी घास घेतला. हळूहळू खाल्ला. "बहुत उम्दा है, साहब."

मग काकांनी खाल्ला. पोह्यांत मीठच नव्हतं. काकांनी ताटली खाली ठेवली आणि असे चिडले की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "नमक नहीं है इसमें. आपने पास कैसे किया? जाँच में लिहाज़-मुलाहिज़ा नहीं चलता, नफीसभाई. आज तुमने लिहाज़ किया, कल हवाई जहाज़ गिरेगा."

नफीसभाई मान खाली घालून म्हणाले, "ग़लती हुई." शुक्लाजी आत गेले आणि मिठाचा डबा शोधू लागले. तो कुठे असतो हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं.

•

त्यानंतर चार महिने काकांनी काही केलं नाही. आम्ही यायचो, आपापलं घासायचो, चहा पिऊन जायचो. काका पेपर वाचायचे.

मग एका रविवारी टेबलावर डाकगाडी होती. रंग, दिवे, टपालाची छोटी पोती, सगळं झालेलं. शेजारी वही, व्हर्नियर आणि ड्रॉइंग. काका हात मागे घेऊन बसले आणि म्हणाले, "वानखेडे, तपासा."

मी बसलो.

"लांबी?" काकांनी विचारलं.

"एकशे अठरा."

"बरोबर. उंची?"

"एकाहत्तर."

"बरोबर. रुंदी?"

मी व्हर्नियर लावलं. पन्नास. काढून परत लावलं. पन्नास. छताच्या मधोमध खालपर्यंत एक बारीक सांधा होता, गाडी उभी कापून परत जोडलेली. सहा मिलिमीटर तर चष्मा काढूनही दिसतात. मी खिडकीतून आत पाहिलं. आत दोन सीटा होत्या.

शुक्लाजींनी पाहिलं, आणि ते बाहेर रस्त्याकडे बघू लागले. काकांचं पेन वहीवर टेकलेलं होतं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"वानखेडे, रुंदी?"

"चव्वेचाळीस," मी म्हणालो.

"नीट बघितलंत?"

नफीसभाईंनी माझ्या हातातून व्हर्नियर घेतलं. खिशातून चष्मा काढला, पुसला, घातला. गाडी उजेडाकडे वळवून सावकाश माप घेतलं.

"चवालीस ही है, साहब."

काकांनी वहीत ४४ लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली. तपासणाऱ्याच्या सहीला तिथे एकच रकाना आहे. मी सही केली. माझ्याखाली नफीसभाईंनी केली आणि त्यांच्याखाली शुक्लाजींनी, न मापता.