नळाला तोटी नसलेलं शहर

लेकीनं आम्हा नवराबायकोला परदेशात, सोफियाला फिरायला आणलं. राजधानीचं शहर, जुनी चर्चं, मागं बर्फाचा डोंगर. लोक डोंगर बघतात. मी अडाणी, नळ बघत थांबलो. भर चौकात झऱ्याचं गरम पाणी नळातनं धो धो वाहतंय आणि बंद करायला तोटीच नाही!

सगळीकडनं चाचपलं. शेवटी तळहातानं धार दाबली आणि मिशांपासून चपलांपर्यंत भिजलो. बाटली भरायला आलेली म्हातारी हसून बेजार झाली.

"अहो, सोडा तो नळ! डोंगराची बस जाईल," बायको ओरडली.

"वाया चाललंय गं."

"पप्पा, ते शेकडो वर्षं असंच वाहतंय," लेक म्हणाली.

आमच्याकडं पाणी तासभर येतं, तेही आलं तर. जन्मभर झोपेतसुद्धा माझा एक कान नळाकडं. पाणी आलं की पळायचं, एवढंच मला येतं. ते नुसतं वाहत असताना माणसानं काय करायचं, हे कुणी शिकवलंच नाही.

म्हातारीनं माझा हात हळूच बाजूला केला, बाटली भरली आणि वाहत्या नळाकडं पाठ करून आरामात निघून गेली.

बस हॉर्न देत होती. मला तेवढी पाठ फिरवायला जमेना.