मुद्दाम चुकलेलं काज

शिलाईच्या त्या दुकानात तिला सगळे काजवाली म्हणत. शर्टाची काजं ती हातानं करायची, आणि टाका असा की बोट फिरवलं तरी सुई कुठे शिरली ते कळू नये. पण रोज एक तरी काज वाकडं जायचंच. लोकांना वाटे, बाईचं लक्ष नसतं. कसलं लक्ष नसतं! अख्ख्या शर्टात तेवढं एकच काज ती जीव ओतून करत होती.

मास्तर ते बरोबर शोधून काढत. दुकान त्यांचंच, आणि तोंड असं की ऐकणाऱ्याच्या कानातले किडे झडावेत. शर्ट वर धरून सगळ्यांसमोर तिचा उद्धार करायचे, अक्कल काढायचे, मग ब्लेड घेऊन एकेक टाका सावकाश उसवायचे. ती मान खाली घालून उभी. डोळ्यांत पाणी यायचं आणि छातीत आवळलेलं काहीतरी सैल व्हायचं. उसवून झालं की मास्तर न बोलता आपल्यातला अर्धा चहा तिच्या कपात ओतत. त्या चहासाठी तर सगळा खटाटोप होता.

शेजारच्या मशीनवरची मावशी सांगून थकली, की बाई गं, तुझ्या हाताला कुठेही काम मिळेल, इथे रोज अब्रू का घालवून घेतेस? ही नुसती हसायची. मावशीला काय सांगणार? हिचा बाप एरवी हिच्याकडे ढुंकूनही बघत नसे. पट्ट्यानं मारलं की मात्र संध्याकाळी जवळ बसवून वळांवर तेल लावायचा, हळूच फुंकर घालायचा. लहानपणी कुणी मायेनं हात लावला तो तेवढाच. आधी मार, मग माया, हे पोरीच्या मनात तेव्हाच पक्कं बसलं. अशा माणसाला लोक खुळं म्हणतात. खुळी कसली, शिकवलेलं विसरली नव्हती बिचारी.

मग मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मास्तरांची आजारपणातच गेली. परत आले ते हातात काठी आणि तोंडात साखर घेऊन. तिनं वाकडं काज पुढे केलं, तर म्हणाले की राहू दे, बटण लागतंय ना, झालं तर. तिच्यासाठी वेगळा भरलेला कप मागवू लागले. तो चहा तिच्या घशाखाली उतरेना.

तिनं दोन काजं वाकडी केली, मग सगळीच. मास्तर काही बोलेनात. शेवटी एका नव्याकोऱ्या शर्टाला तिनं काजाची चीर भलत्याच जागी दिली आणि सगळे जेवायला गेल्यावर शर्ट आणि ब्लेड त्यांच्यापुढे ठेवलं.

"हे आता भरून यायचं नाही," मास्तर म्हणाले. "तू मुद्दाम करतेस. मला पहिल्यापासून ठाऊक आहे."

तिला केवढं हायसं वाटलं! म्हणजे त्यांना माहीत होतं, आणि तरी ते रोज तिच्यासाठी एवढा त्रास घेत होते.

"मग रागवा ना, मास्तर. माझ्या भल्यासाठीच बोलायचात तुम्ही."

मास्तर आपल्या लुळ्या हाताकडे बघत बसले. "नाही गं. तू रडलीस की मला बरं वाटायचं. त्या दिवशी दोन घास जास्त जायचे. मागून लाज वाटायची, म्हणून तो चहा. अंथरुणाला खिळलो, दुसऱ्यांच्या हातात सापडलो, तेव्हा कळलं काय करत होतो ते. मला माफ कर."

"म्हणजे माझ्यासाठी त्यात काहीच नव्हतं?"

खोटं बोलायला मास्तरांना काही जड नव्हतं. पण आजारानं माणूस अगदी सरळ झाला होता.

"नाही," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत मास्तरांनी तिला नाही नाही ते ऐकवलं होतं, पण त्यातलं काही असं लागलं नव्हतं. तिला रडूसुद्धा आलं नाही. तिनं शर्टाची घडी घातली, ती नीट बसेना म्हणून पुन्हा घातली.

"एवढं खरं नव्हतं सांगायचं, मास्तर," ती म्हणाली.