सिमिटाच्या घरांचे फोटो

दाभोळच्या धक्क्यावरून पडावात चढलो तेव्हा आगबोट खाडीच्या तोंडाशी उभी होती. यमुना, माझी बायको, पदराचं टोक दातांत धरून मागं उभी. वडील गवंडी. चिऱ्यांची घरं बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ते एवढंच म्हणाले, "मुंबईच्या भिंती परक्याच्या. त्यांना जीव लावू नको हां."

तुम्ही जे मागं राहिलात आणि जे माझ्यासारखे आलात, त्या सगळ्यांना सांगतो, मी नेमका भिंतींनाच जीव लावला.

गिरगावात एका फोटो स्टुडिओत लागलो. रंगवलेल्या पडद्यापुढं नवरानवरी बसवायची आणि "हलू नका" म्हणायचं. रविवारी मात्र कॅमेरा घेऊन दादरला जायचो. तिथं सिमिटाची नवी घरं उठत होती. त्यांचे कोपरे गोल, गॅलऱ्या लांबलचक, खिडक्यांवर पातळ छज्जे. येणारेजाणारे त्यांच्याकडं ढुंकूनही बघत नसत. स्टुडिओचे मालक चिडायचे, "माणसं सोडून भिंतींच्या पाठी काय लागलास? एक धंदा धड कर, नाहीतर गावी जा." गावी परतायची भीती होती आणि कॅमेरा तर त्यांचाच. तरी जायचो.

एकदा एका घराच्या दारात म्हातारीनं हटकलं. "काय रे, म्युनिसिपालटीचा काय तू?"

हेल ओळखीचा. राजापूरकडची होती, मुलाकडं राहायला आलेली.

"नाही, आजी. तुमचा जिना बघायचाय."

"जिना?" ती हसली. "मला तर हे घर बिस्किटाचा डबाच वाटायचं बघ. अंगण नाही, पडवी नाही. मग एकदा सकाळचं ऊन ह्या जिन्यावरनं उतरताना बघितलं. तेव्हापासनं कुळीथ निवडायला इथंच बसते."

तिला सूप घेऊन तिथंच बसवलं. वर वळत गेलेला जिना, कठड्याची सावली आणि खाली ती. तो फोटो तिच्या मुलानं घर बांधणाऱ्या इंजिनियरला दाखवला. इंजिनियरनं मला बोलावून घेतलं आणि आपल्या सगळ्या इमारतींचे फोटो काढायचं काम दिलं. स्टुडिओ सुटला, स्वतःचा कॅमेरा आला. वर्षभरात यमुनेला आणलं, दादरलाच दोन खोल्या घेतल्या. पहिले काही दिवस ती भिंतीला हात लावून म्हणायची, "चिऱ्यासारखी गार नाही हो लागत." मग तिनं गॅलरीत अळू लावलं.

आई गेल्यावर वडील आमच्याकडं आले. आठवडाभर गॅलरीतून हलले नाहीत. मला वाटलं, ह्यांना इथं आणून चुकलोच.

पुढल्या गल्लीत एक इमारत चढत होती. एके सकाळी ते तिकडं गेले. दुसऱ्या दिवशीही गेले. मग एकदा पायात वहाणा सरकवत यमुनेला म्हणाले, "सूनबाई, जेवणास थांबू नका. आज स्लॅब भरतायत."

स्लॅब! आमच्या वडिलांच्या तोंडी! यमुना पदराआड हसली.

दुपारी मी कॅमेरा घेऊन मागोमाग गेलो. वडील वाळूच्या ढिगाजवळ उकिडवे बसले होते. मुकादमानं विचारलं, "बाबा, कुठले तुम्ही?"

"दाभोळचा," ते म्हणाले. मग मागं हात करून, "घर हे काय, अलीकडल्या गल्लीत."