पूजेत बसलेला कर्नल

आता तुम्ही आपले म्हणून सांगतो, बाहेर कुठे बोलू नका. माझ्या सासरवाडीत, म्हणजे पेडण्यातल्या पार्से गावात, माझं नाव दर वर्षी देवापुढे निघतं. कौतुकाने निघत असतं तर मी हे तुम्हाला कधीच सांगून मोकळा झालो नसतो का?

मी आमोण्याचा. नोकरी हिशेबाची, पण जीव सगळा कंप्युटरात, आणि त्यातही लिनक्सवर भक्ती. किल्ल्यांच्या जुडग्यात लोक देवाचा फोटो लावतात, मी लिनक्सचा पेनड्राइव्ह लावलाय. यंत्र अडलं की त्यावरून चालू करून दुरुस्त करता येतं. दुसरा गुण म्हणजे मला वाट बघवत नाही. बायको म्हणते, तुमच्या हातचा चहा कधी उकळलेलाच नसतो.

खंडेनवमीला आम्ही पार्श्याला गेलो. माझी धाकटी मेव्हणी शामल कंप्युटर इंजिनियर होऊन नुकतीच घरी आलेली. दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, तिची नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती. कंपनी परदेशातली, त्यांना कसला दसरा. तिला आपला प्रोजेक्ट घरच्या कंप्युटरवरून चालवून दाखवायचा होता. आणि त्या कंप्युटरवर लिनक्स कोणी घातलं होतं? मी. तिने न मागता.

नवमीच्या सकाळी सगळी मंडळी परसात कोयते, कुदळी धूत होती. पुढच्या खोलीत मी एकटा. कंप्युटर चालू केला तर पडद्यावर सूचना: नवा कर्नल आला आहे, बसवायचा का?

कर्नल म्हणजे काय, ते दोन शब्दांत सांगतो. घरात एखादं माणूस असतं बघा, सकाळी दार तेच उघडतं, चूल तेच पेटवतं, आणि ते उठलं नाही तर बाकीचं कोणी हलत नाही. कंप्युटरात ते काम कर्नलचं. म्हणून नवा बसवला तरी जुना लगेच काढायचा नसतो. नवा उठला नाही, तर चालू करताना जुन्याला हाक मारता येते. हे मी आजवर कितीतरी लोकांना बजावून सांगितलंय.

आणि मी जुने सगळे काढून टाकले. का? सणासुदीची साफसफाई! यंत्राने विचारलंसुद्धा, हे धोक्याचं आहे, थांबवू का? मी 'नाही' म्हटलं. मला कोणी शिकवायला लागलं की माझं असं होतं.

मग नवा बसवायला घेतला. शेवटची पायरी आली. कर्नलला उठताना लागणारी एक फाइल तयार होत होती, आणि पडद्यावरची ओळ हलेना. वाट बघायची होती ना? बघितली की. खिडकीपर्यंत गेलो, परत आलो, खुर्ची सरळ केली, परत खिडकीपर्यंत गेलो. ओळ तिथेच. अडकलं, म्हटलं, आणि बटण दाबून धरलं.

परत चालू केलं तर काळा पडदा आणि पांढऱ्या अक्षरांत 'कर्नल पॅनिक'. फाइल अर्धवट राहिली होती. नवा कर्नल उठेना आणि जुना मी घालवलेला. पोरीच्या नोकरीचा प्रश्न होता हो.

पेनड्राइव्ह काढायला खिशात हात घातला, तोच सासूबाई तबक घेऊन आत आल्या. मागे शामल.

"जावयबापू, बंद करा ता. पुजेची येळ झाली."

"आई, जरा दहा मिनिटं..."

"धा मिन्टां नाय नी बारा नाय. कोयते, पारय सगळे धुवून बसले हत."

शामलने वाकून पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि स्विच बंद केला. सुटलो, मला वाटलं, हिला काही कळलं नाही. चार वर्षं कंप्युटर शिकलेल्या मुलीला काही कळलं नाही, असं मला का वाटलं, ते विचारू नका.

आता त्या घरचा नियम असा, की एकदा पूजा झाली की अवजाराला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सासरे देवाला गाऱ्हाणं घालणार, म्हणजे घरादारासाठी मोठ्याने मागणं मागणार, मगच ते उचलायचं. पुढच्या खोलीत टेबलावर कंप्युटर, त्याला टेकून कुदळ, पहार, शिवणाचं मशीन, मिक्सर, आणि लाल कापडाखाली शामलच्या पुस्तकांची चळत. सासूबाईंनी कंप्युटरला झेंडूची माळ घातली, डोक्यावर नारळ ठेवला, आणि पुढच्या भोकांवर, जिथे पेनड्राइव्ह लावतात तिथेच, हळदीकुंकवाची ओली बोटं टेकवली. सगळ्यांनी नमस्कार केला. मी तर बंद पडलेल्या मशीनला मनापासून केला, आणि हातात उरलेलं फूल पुस्तकांवर वाहिलं.

जेवायला खतखतं होतं, सणाची पाचसात भाज्यांची एकत्र आमटी. मला ते फार आवडतं, पण मी ते पानात नुसतं कालवत बसलो.

"बरां नाय काय तुमका?" बायकोने विचारलं.

"बरा आहे की," म्हटलं, आणि उठून पुढच्या खोलीत एक फेरी मारली. मग अंगणात. मग परत पुढच्या खोलीत.

जेवणानंतर अख्खं पार्से झोपतं, हे मला ठाऊक होतं. सासरे आरामखुर्चीत घोरायला लागले तसा मी पावलं न वाजवता टेबलाशी गेलो. पुढची भोकं कुंकवाने बुजलेली, म्हणजे पेनड्राइव्ह मागच्या बाजूला लावायला हवा. त्यासाठी कंप्युटरचा डबा थोडा फिरवायला हवा. थोडासाच फिरवला, तर वरचा नारळ सुटला आणि फरशीवर असा आदळला, की सासऱ्यांचं घोरणं थांबलं.

आतून सासूबाईंची पावलं वाजली. काय करणार सांगा? मी टेबलापुढे सरळ आडवा झालो आणि साष्टांग नमस्कार घातला.

"काय करतास ओ जावयबापू?"

"नमस्कार," जमिनीवरूनच म्हटलं. "सकाळी नीट झाला नव्हता."

"इतके भक्त तुमी, म्हायत नाय होतां," असं म्हणत त्यांनी नारळ जागेवर ठेवला, आणि चटई आणून तिथेच टेबलापुढे बसल्या. संध्याकाळपर्यंत त्या हलल्या नाहीत. नंतर शेजारचे लोक आले, रात्रभर भजन झालं. मी घर आणि फाटक यांच्यामध्ये इतक्या खेपा घातल्या, की सासऱ्यांचा कुत्रा माझ्यामागे फिरून फिरून दमला आणि पायरीवर बसला.

सकाळी उजाडताच आंघोळ करून सगळी टेबलापुढे उभी. सासऱ्यांनी हातात नारळ घेतला. मी ठरवलं, गाऱ्हाणं संपलं की शामलचे पाय धरायचे.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दसऱ्याच्या दिसा ही तुजी लेकरां तुज्या पायांकडे उबी हत. काजीक मोवर बरो येवं दी."

"व्हय म्हाराजा."

"साप-किरडवापासून राखण कर."

"व्हय म्हाराजा."

"आनी म्हाराजा, आमच्या जावयबापूंनी काल सकाळी मशीन मोडून ठेवल्यानी. त्येंनी कोणाक सांगूक नाय, आमीव इचारूक नाय. त्येंच्या मनात वायट नव्हतां. पोरीक दुसरी मशीन गावली हा, तिची मुलाखत बरी कर. आनी जावयबापूंच्या हाताक जरा थारो दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" आवाज असा चढला, की काजूच्या मोहरालाही तेवढा चढला नव्हता. सगळ्यात मोठा माझ्या बायकोचा.

शामलने लाल कापड उचललं. खाली पुस्तकांवर एक लॅपटॉप होता, आणि काल माझं फूल त्यालाच वाहिलं गेलं होतं.

"मांद्र्याच्या मैत्रिणीचो," ती म्हणाली. "प्रोजेक्ट पण त्येच्यावर घातलंय. परवाच."

"परवा? अगं, पण मी बिघडवला काल."

"तुमी येतास म्हणून परवाच कळलां न्हय, भावोजी?"

मुलाखत छान झाली, पुढे नोकरीही लागली. त्याच दुपारी माझाच पेनड्राइव्ह मागून घेऊन शामलने मशीन दुरुस्त करायला घेतलं. मला अंगणात नारळ सोलायला बसवलं होतं, तिथून दारातून दिसत होतं. ती फाइल परत तयार व्हायला लागली आणि ओळ परत तिथेच थांबली. शामल उठली, आत गेली, चहा केला, उकळला, सावकाश प्यायली आणि येऊन बसली. ओळ पुढे गेलेली होती.

तेव्हापासून दर दसऱ्याला पार्श्याच्या गाऱ्हाण्यात माझी जागा ठरलेली आहे. काजूचा मोहर, मग साप-किरडू, आणि सापानंतर मी. लोक सापाला हळू 'व्हय म्हाराजा' म्हणतात, माझ्या वेळी छप्पर हलतं. आणि मी काय करतो? मीही म्हणतो. सासऱ्यांचं वाक्य पुरं व्हायची वाट मात्र मला अजून बघवत नाही.